आधी कप काढा: तांत्रिक नोकरीतल्या माणसांसाठी रेखाटनाचा श्रीगणेशा

चित्र शिकायचं ठरलं त्या रात्री मी वही उघडली नाही, तक्ता उघडला. एका बाजूला पेन्सिलींच्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला कागदाचं वजन, पोत, किंमत, लोकांची मतं. रकान्यांना रंग दिले, सूत्रं घातली, गुण काढले. तक्ता देखणा झाला. दोन आठवडे गेले आणि तोवर एक रेघ म्हणून ओढली नव्हती. दिवसभर सॉफ्टवेअर लिहून पोट भरणाऱ्या माणसाला हीच चित्रकलेची सुरुवात वाटली, यातच सगळी मेख आहे.

हा लेख अशाच माणसांसाठी आहे. प्रोग्रामर, अभियंते, प्रयोगशाळेत काम करणारे, आकडेमोडीत बुडालेले. ज्यांनी शाळा सुटल्यापासून चित्र म्हणून काही काढलेलं नाही आणि आता काढावंसं वाटतंय. आइन्स्टाइनच्या व्हायोलिनचा दाखला देणार नाही. तो सगळ्यांना पाठ आहे, पण त्यापायी कुणी व्हायोलिन हातात घेतल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यापेक्षा रिचर्ड फाइनमन बघा. हा भौतिकशास्त्रज्ञ चाळिशी ओलांडल्यावर चित्र शिकायला बसला. जिराइर झोर्थियन या चित्रकार मित्राशी त्याचा सौदा ठरला होता: एका रविवारी फाइनमनने भौतिकशास्त्र शिकवायचं, पुढच्या रविवारी झोर्थियनने चित्रकला. पुढे तो चित्रांवर ‘ओफे’ अशी सही करायला लागला, म्हणजे प्रोफेसरने काढलंय म्हणून कुणी चित्राचं कौतुक करायला नको. हुद्दा दाराबाहेर ठेवायची ही युक्ती पहिल्या दिवसापासून कामी येते.

सामान

एक २बी पेन्सिल, ए५ आकाराची साधी वही, खोडरबर, शार्पनर. बास.

पेन्सिलीवरच्या अक्षरांत एच म्हणजे कडक आणि बी म्हणजे काळी, एचबी मधली. आतल्या कांडीला आपण शिसं म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतं, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. १७९५ साली निकोला-झाक काँते या फ्रेंच माणसाने या मिश्रणाचं पेटंट घेतलं. माती जास्त तेवढी कांडी कडक आणि रेघ फिकी. २बी मऊ असते, हलक्या हाताने फिकी उमटते, दाबली की बऱ्यापैकी काळी होते. एवढ्यावर दोन महिने निघतात. त्यानंतर हवी तर ६बी घ्या.

कागदाचं म्हणाल तर छपाईचा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागदसुद्धा सरावाला चालतो. स्केचबुक घ्यायचंच असेल तर १०० ते १५० जीएसएमचं घ्या. ए मालिकेतल्या कागदाच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तर दोनचं वर्गमूळ असतं, त्यामुळे ए४ मधोमध दुमडला की त्याच प्रमाणातला ए५ मिळतो, १४८ बाय २१० मिलिमीटर. याचा चित्राशी काही संबंध नाही, पण तुम्हाला आवडेल म्हणून सांगितलं.

महागडी, कातडी बांधणीची वही मात्र टाळा. तिच्या पहिल्या पानावर काहीतरी ‘चांगलं’ काढायचं म्हणून ती वर्षभर कोरी राहते. आणि टॅबलेट सुरुवातीला नकोच. त्यात चूक पुसायला एक बटण असतं आणि चित्र हवं तेवढं मोठं करून बघता येतं. आपल्यासारखी माणसं मग एकाच रेघेच्या कडा तासभर घासत बसतात.

हात मोकळा करा

लिहिताना आपण मनगट टेकवून बोटं हलवतो. चित्रात लांब रेघ कोपरातून किंवा खांद्यातून येते. कागदावर दोन ठिपके द्या, पेन्सिल कागदाला न टेकवता हवेतच दोन-तीनदा एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर न्या, आणि मग नजर पोहोचायच्या ठिपक्यावर ठेवून एका दमात रेघ ओढा. ती चुकेल. तिच्यावर पुन्हा गिरवू नका, शेजारी नवी ओढा. भीतभीत, तुकड्यातुकड्याने ओढलेली रेघ केसाळ दिसते, आणि एकदा ती सवय लागली की मोडणं अवघड जातं.

रोज बसल्या बसल्या पाच मिनिटं असं एक पान भरा: सरळ रेघा, मग लंबवर्तुळं. गवयाने आवाज तापवावा तसं. हे पान कुणाला दाखवायचं नसतं.

डोक्यातली खुर्ची आणि समोरची खुर्ची

आता खरा विषय. एखाद्याला खुर्ची काढायला सांगा. तो समोरच्या खुर्चीकडे एकदा बघेल आणि मग डोक्यातली खुर्ची काढेल: चार सारखे पाय, चौकोनी बैठक, पाठ. समोर बघितलं तर मागचे पाय आखूड दिसत असतात, बैठक चपटी पट्टी झालेली असते, एक पाय तर दुसऱ्याआड गेलेला असतो. सगळेच नवखे असं करतात, पण आपण तांत्रिक माणसं जास्त करतो, कारण आपल्याला वस्तूबद्दल जास्त माहिती असते आणि त्या माहितीवर आपला विश्वासही असतो. कपाचा तळ सपाट आहे हे माहीत, म्हणून तळाशी सरळ रेघ. टेबलाचे कोन काटकोन आहेत हे माहीत, म्हणून चारही कोन नव्वद अंशांचे. अभियांत्रिकी आरेखनात हे बरोबरच आहे. तिथे वस्तू आहे तशी मांडायची असते. रेखाटनात ती इथून, या उंचीवरून, या क्षणी दिसते तशी काढायची असते. माहितीला गप्प बसवण्यासाठी तीन सराव आहेत आणि पहिले दोन-तीन आठवडे यांवरच घालवा.

पहिला: कागदाकडे न बघता स्वतःचा डावा हात काढा (डावखुरे असाल तर उजवा). बोटाच्या कडेवरून मुंगी चालतेय असं समजा. नजर त्या मुंगीसोबत सरकेल तशी पेन्सिल सरकवायची. पाच मिनिटं पान अजिबात बघायचं नाही. शेवटी जे दिसेल ते भयंकर असेल. माझ्या पहिल्या हाताला अंगठा तळव्याच्या मधोमध फुटला होता. पण त्या भयंकर चित्रातली एखादी सुरकुती, नखाचा एखादा कोपरा विलक्षण खरा उतरलेला असतो. तेवढ्यासाठीच हा सराव.

दुसरा: एखादं रेषाचित्र उलटं ठेवून त्याची नक्कल करा. उलटं ठेवलं की नाक हे नाक राहत नाही, एक वाकडी रेघ उरते, आणि वाकडी रेघ तुम्हाला काढता येते. नक्कल होईपर्यंत कागद सुलटा करायचा नाही. मोह होतो.

तिसरा माझा लाडका. खुर्चीच काढा, पण खुर्ची काढू नका. पायांमधल्या, पाठीच्या पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागा काढा. दोन पायांमधली जागा कसल्या आकाराची आहे? तिरका चौकोन? वर रुंद, खाली अरुंद? या जागांना नाव नाही, त्यामुळे त्या कशा ‘असायला हव्यात’ याबद्दल डोक्यात काही साठवलेलं नसतं. जागा एकेक करून बरोबर बसत गेल्या की मध्ये आपोआप खुर्ची उभी राहते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा आपल्याला कुणीतरी फसवलंय असंच वाटलं, इतकी ती खुर्ची खरी होती.

पेन्सिलीने मोजायचं कसं

चित्रकार एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिल का धरतात? तो दिखावा नाही, मोजमाप आहे. पेन्सिलीचं टोक कपाच्या एका कडेवर ठेवा, अंगठा सरकवून दुसऱ्या कडेवर आणा. ही कपाची रुंदी. आता तेवढाच अंगठा तसाच ठेवून पेन्सिल उभी करा: उंची या रुंदीच्या किती पट? सव्वापट? दीडपट? आपल्याला फक्त हे गुणोत्तर हवंय. समरूप त्रिकोणांचा हा साधा हिशेब, म्हणूनच त्याची एक अट आहे: कोपर पूर्ण ताठ. कोपर जरा वाकलं की डोळ्यापासून पेन्सिलीचं अंतर बदलतं आणि आधीचं माप फुकट जातं. डोकंही हलवायचं नाही.

तिरकी कड मोजताना आणखी एक घोळ होतो. टेबलाची कड लांब जाताना दिसते म्हणून आपण पेन्सिलही त्या दिशेने पुढे टोचतो. तसं नाही. तुमच्यासमोर उभी काच आहे असं समजा. पेन्सिल त्या काचेवरच टेकलेली राहील, फक्त काचेवर फिरेल. तो कोन जसाच्या तसा कागदावर न्या. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५२५ साली छापलेल्या एका लाकूडठशात दोन माणसं तंतुवाद्यावरच्या एकेका बिंदूपासून भिंतीतल्या खिळ्यापर्यंत दोरा ताणून, तो दोरा मधल्या चौकटीला कुठे छेदतो हे टिपताना दिसतात. ती चौकट म्हणजे आपली काच आणि तो खिळा म्हणजे आपला मिटला नसलेला डोळा.

हे मोजमाप आवडेल, आणि इथेच सावध राहा. मी एकदा एका किटलीची चौदा मापं घेतली आणि चित्र मेलेलं निघालं. तीन-चार मोठी गुणोत्तरं मोजा, बाकी डोळ्याने ठरवा. शंका आली तर पुन्हा मोजा.

आता कप

साधा, नक्षी नसलेला, एका कानाचा कप टेबलावर ठेवा. खुर्चीत नेहमीसारखे बसा, कप डोळ्यांच्या पातळीखाली असू द्या.

फिकट हाताने उभी मधली रेघ ओढा. मोजलेल्या गुणोत्तराने उंचीच्या आणि रुंदीच्या खुणा करा. मग तोंडाचं लंबवर्तुळ. त्याची लांब रेषा कपाच्या मधल्या रेघेला काटकोनात असते आणि त्याची दोन्ही टोकं कधीच अणकुचीदार नसतात. कितीही चपटं असलं तरी टोकाशी ते वळतं. नवख्याचा कप लगेच ओळखू येतो तो या बदामी टोकांवरून.

तळही वळलेलाच दिसतो, सरळ नाही. शिवाय तळाचं वळण तोंडाच्या वळणापेक्षा जास्त गोल असतं, कारण तळ डोळ्यांच्या पातळीपासून आणखी खाली आहे आणि तुम्ही त्याच्याकडे जास्त वरून बघताय. पटत नसेल तर कप हळूहळू वर उचला. तोंड चपटं होत जाईल आणि डोळ्यांच्या बरोबर पातळीला आलं की नुसती रेघ उरेल. हौस असेल तर आणखी एक गंमत पडताळून बघा: तोंडाच्या वर्तुळाचा खरा मध्य लंबवर्तुळाच्या मध्यावर पडत नाही, किंचित पलीकडे पडतो, कारण जवळचा अर्धा भाग मोठा दिसतो.

कान शेवटी, आणि तोही कानाच्या आतल्या पोकळीपासून सुरू करून. पोकळी बरोबर आली की कान बरोबर येतो.

हाच कप दहा वेळा काढा. दहा वेगळ्या वस्तू नकोत. प्रत्येक वेळी एकच चूक सुधारायची आणि ती सगळ्यात मोठी असेल तीच. मोठं प्रमाण चुकलेलं असताना कानाचं वळण दुरुस्त करत बसणं म्हणजे प्रोग्राम चालूच होत नसताना बटणांचे रंग ठरवण्यासारखं आहे. ही एक सवय मात्र ऑफिसातून जरूर आणा.

छायाप्रकाश

घरातले बाकीचे दिवे बंद करा, एकच दिवा एका बाजूला ठेवा. अनेक दिव्यांच्या अनेक सावल्यांनी नवखा माणूस चक्रावतो.

शेडिंगच्या आधी वहीच्या कडेला पाच चौकोनांची पट्टी काढा: पहिला कोरा कागद, पाचवा पेन्सिलीला जमेल तेवढा काळा, मधले तीन समान पायऱ्यांचे. मधला चौकोन बहुतेक फार फिका होतो. आता डोळे बारीक करून कपाकडे बघा. बारकावे विरघळतात आणि उजेड-अंधाराचे तीन-चार मोठे तुकडे उरतात. आधी ते तुकडे भरा. सावलीच्या बाजूला कडेशी थोडा उजळ भाग दिसेल; टेबलावरून परतलेला प्रकाश तो. तो उजेडाच्या बाजूइतका उजळ कधीच नसतो, पण अंधाराशेजारी असल्याने तसा भासतो आणि आपण फसतो.

माझे पहिले तीन महिन्यांचे कप धुक्यात ठेवल्यासारखे आहेत. सगळं राखाडी. शेवटी चित्र शिकवणाऱ्या एका बाईंनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि कपाखालच्या सावलीत एकच काळीकुट्ट रेघ मारली, जिथे कप टेबलाला टेकतो तिथे. कप टेबलावर बसला. त्याआधी तो तरंगत होता हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

बोटाने पुसून छटा गुळगुळीत करायचा मोह आवरा. बोटाचं तेल कागदाला लागतं आणि डाग निघत नाही. रेघांनीच छटा भरा. हाताखाली एक कोरा कागद ठेवा, नाहीतर अर्धं चित्र तळव्याला लागून जाईल.

समजलं म्हणजे आलं नव्हे

यथार्थदर्शन, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेषा क्षितिजरेषेवरच्या लोपबिंदूला मिळतात हा भाग, तुम्हाला एका संध्याकाळी समजेल. क्षितिजरेषा म्हणजे तुमच्या डोळ्यांची पातळी. बसलात की खाली येते, उभे राहिलात की वर जाते. खोलीच्या कोपऱ्यात बसून डोळ्यांच्या पातळीवरच्या भिंतींच्या कडा खाली उतरताना आणि पातळीखालच्या कडा वर चढताना बघा, सगळं लक्षात येईल. आणि दुसऱ्या दिवशी काढलेलं कपाट तरीही कोसळायला आलेलं असेल.

आपल्या लोकांना नेमकं हेच झेपत नाही. आपल्या धंद्यात गोष्ट समजली की काम बरंचसं झालेलं असतं. उरतं ते टंकन. इथे समजणं ही उंबऱ्यावरची पायरी आहे आणि हात आपल्या चालीने मागून येतो. मधल्या काळात माणूस काय करतो? अजून समजून घेतो. आणखी एक व्हिडिओ, आणखी एक अभ्यासक्रम, पेन्सिलींचा आणखी एक तक्ता. स्वतःपुरता एक नियम करा: वीस मिनिटं बघितलं तर चाळीस मिनिटं काढायचं. आधी काढून मग बघितलं तर आणखी बरं, कारण तेव्हा विचारायला खरा प्रश्न असतो.

वेळ रोज वीस मिनिटं पुरते. रविवारी एकदम तीन तास बसून आठवडाभर सुट्टी घेण्यापेक्षा ती केव्हाही बरी. वही बंद कपाटात नको, उघडी टेबलावर असू दे, पेन्सिल टोक करून ठेवलेली. सलग किती दिवस झाले ते मोजणारं ॲप मी वापरून बघितलं. एकेचाळिसाव्या दिवशी ताप आला, साखळी तुटली आणि मी पुढचे तीन आठवडे वहीला हात लावला नाही. आता पानावर फक्त तारीख टाकतो.

पानं फाडायची नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चित्रं बिघडल्यासारखी वाटतील. बहुधा बिघडलेली नसतात. डोळा हाताच्या पुढे गेलेला असतो आणि आधी न दिसणाऱ्या चुका दिसायला लागलेल्या असतात. तेव्हा पहिल्या आठवड्यातलं पान उघडा. चूक नेमकी कुठे ते कळत नसेल तर चित्र आरशात बघा. लिओन बात्तिस्ता आल्बेर्ती या इटालियन वास्तुकार-लेखकाने १४३५ साली चित्रकारांना हाच सल्ला दिला होता: आरसा दोष लपवत नाही. वाकडा कप आरशात लगेच वाकडा दिसतो, कारण डोळ्याला त्याची सवय झालेली नसते.

दाखवायचं झालं तर “कसं झालंय?” असं विचारू नका. “छान” एवढंच उत्तर येईल आणि त्याचा काही उपयोग नसतो. “यात सगळ्यात जास्त काय खटकतं?” असं विचारा. दोन-तीन महिने स्वतः धडपडल्यावर शिक्षक शोधा. त्यांची चित्रं किती सुंदर आहेत यापेक्षा ते विद्यार्थ्याशेजारी बसून, त्याच्या जागेवरून वस्तू बघून चूक दाखवतात का, हे पाहा. फोटोवरून चित्र काढायला लावणारा वर्ग सुरुवातीला टाळा. फोटोत त्रिमितीची द्विमिती कॅमेऱ्याने आधीच करून टाकलेली असते, आणि शिकायचं तर तेच असतं. शिवाय मोबाइलची रुंद लेन्स जवळची वस्तू ताणते. फोटोवरून काढलेली नाकं म्हणून मोठी येतात.

कप जमला की पुढे काय? बूट काढा. जुना, वापरलेला, नाड्या सुटलेला. नवा कंटाळवाणा असतो. मग खोलीचा कोपरा. मग माणसं. माणसं हलतात, त्यामुळे आधी तीस सेकंदांची रेखाटनं: पाठीचा कल, डोक्याचा झुकाव, वजन कुठल्या पायावर आहे, एवढंच. चेहरा नको. जास्त वेळ हवा असेल तर झोपलेली माणसं शोधा, किंवा फोनमध्ये डोकं घातलेली. पानं उलटण्यापुरतीसुद्धा ती हलत नाहीत.